पोचलं

बाईंनी इस्त्री अशी आपटली की टेबलावरची वाटी उडाली आणि पितळी बटणं फरशीभर पळाली.

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते."

ब्रिगेडियर गुडघे टेकून बटणं गोळा करू लागले. एक कपाटाखाली गेलं होतं. त्यासाठी ते पालथे झाले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

"पोचलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शब्द त्या लग्नापासून ऐकत आल्या होत्या. संसाराच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, मोरीतला नळ गळतोय. "पोचलं," असं म्हणून नवरा कामावर गेला आणि नळ गळतच राहिला. आठवडाभराने बाईंनी आवाज चढवला तेव्हा त्या तरुण कॅप्टनने त्यांना समोर बसवून समजावलं, की वायरलेसवर हे दोन शब्द वेगळे असतात. 'पोचलं' म्हणजे तुमचा निरोप ऐकू आला, पुरता कळला, एवढंच. 'करतो' म्हणजे सांगितलंत तसं करायला निघालो. एकाच्या जागी दुसरा शब्द पडला तर माणसं मरतात.

"मग नळाचं 'करतो' कधी म्हणणार?" बाईंनी विचारलं होतं.

"पाना मिळाला की."

बाई शाळेत भाषा शिकवायच्या. शब्द इतके तोलून वापरणारा नवरा मिळाला म्हणून त्या तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. आज हसू येण्यासारखं काही नव्हतं.

ब्रिगेडियरांच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस. सिग्नल प्रशिक्षण केंद्राच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आणि केंद्राच्या प्रमुखांचा निरोपसमारंभ असे एका दगडात दोन पक्षी वरच्या कचेरीने मारायचे ठरवले होते. आणि प्रमुख पाहुणे म्हणून धाडलं कुणाला, तर पूलवाल्या जनरलना.

"अख्ख्या फौजेत दुसरा पाहुणा मिळाला नाही?" बाई म्हणाल्या. "त्याच्या हातून फुलं घेणार तुम्ही?"

"फुलांचा काय दोष?"

"आणि ताईंना बोलावलंत! त्या माउलीला नेऊन त्याच्यासमोर बसवणार! अहो, काही पोच आहे की नाही माणसाला?"

ब्रिगेडियर बटण घेऊन बाहेर आले. त्याच्यावर फुंकर मारून त्यांनी ते वाटीत टाकलं.

"त्या माझ्यासाठी येतायत," ते म्हणाले. "त्याच्यासाठी नाही."

पुलाची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक होती, आणि बाईंच्या दृष्टीने सगळ्यात मोठा अपमान तोच होता. सातवीच्या पुस्तकात तिचा धडा होता. संपर्क तुटलेला, मदत नाही, मागे फिरण्याचा हुकूम वाटेतच हरवलेला, आणि तरीही मूठभर जवान घेऊन पूल लढवणारे शूर कर्नल. खाली स्वाध्याय होता: 'हुकूम न मिळाल्यामुळे कर्नलांनी काय केले ते तुमच्या शब्दांत लिहा.' बाईंच्या शब्दांत लिहिलं असतं तर पुस्तक जप्त झालं असतं. दरवर्षी तो धडा आला की त्या खडू खाली ठेवत आणि म्हणत, "हा तुम्ही घरी वाचा." परीक्षेत त्यांनी त्यावर कधी प्रश्न काढला नाही. एवढाच काय तो त्यांचा सत्याग्रह.

कारण हुकूम हरवलेला नव्हता. तो बाईंच्या नवऱ्याने पाठवला होता. तेव्हा ते कॅप्टन होते, मागच्या मुख्यालयात वायरलेसवर बसलेले. पूल सोडा, मागे या. पलीकडून उत्तर आलं होतं, "पोचलं." ऑपरेटरचा आवाज नव्हता तो. ऑपरेटर त्यांनीच शिकवलेला, त्याचं बोलणं झोपेतही ओळखलं असतं. आवाज खुद्द कर्नलांचा होता. कॅप्टनने नियमाप्रमाणे पुढे विचारलं, "करताय का? सांगा." त्यावर उत्तर आलंच नाही. नंतर तोफेचा गोळा पडला, सेट गेला, ऑपरेटर गेला, निम्मी पलटण गेली, आणि दुसऱ्या दिवशी पूलही गेला. कर्नल तेवढे राहिले.

चौकशी बसली. मुख्यालयाच्या नोंदीत 'पोचलं' असं उत्तर होतं, ते नाकारायची सोय नव्हती. मग कर्नलांनी सांगितलं, की माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. उत्तर दिलं असेल तर ऑपरेटरने दिलं असेल. घाबरला असेल, रांगत माझ्यापर्यंत यायची छाती झाली नसेल. पोरगं मेलंय, त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही, पण निरोप त्याने गिळला.

मेलेला माणूस काय बोलणार? कॅप्टनने शपथेवर सांगितलं, आवाज कर्नलांचा होता. त्यावर चौकशीच्या टेबलापलीकडून कुणीतरी हसून म्हणालं, एवढ्या तोफांच्या दणदणाटात आवाज ओळखता तुम्ही? कान आहेत की काय आहे? ती जबानी मागे घ्या, असं नंतर त्यांना प्रेमाने सुचवलं गेलं. एकदा नाही, बऱ्याचदा, आणि दर वेळी बढतीच्या आधी. त्यांनी घेतली नाही. मग त्यांच्या मागून आलेले पुढे गेले. ज्यांना त्यांनी तार जोडायला शिकवलं त्यांना त्यांनी सलाम ठोकले. डोंगरावर खांब उभारले, वाळवंटात लाइनी पुरल्या, पुरात सगळे टेलिफोन बंद पडले तेव्हा अर्धा देश त्यांनी ताणलेल्या तारेवर बोलत होता. लढाई जिंकली की पायदळाची बहादुरी आणि हरली की संपर्क तुटला, ही फौजेतली जुनी म्हण. ब्रिगेडियर ती थट्टेने सांगत. बाईंना तिची थट्टा कधीच वाटली नाही.

आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात तसा तो कर्नल छातीवर पदक लावून जनरल झाला, निवृत्त झाला, आणि आता फीत कापत गावोगाव फिरत होता.

"चौकशीनंतर एकदा तरी तोंड उघडलंत?" बाईंनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. "पोच मिळाली नाही तर निरोप पुन्हा पाठवायचा, हा तुमचाच नियम ना? पोरांच्या डोक्यात हातोडीने ठोकता तो."

"पाठवायचा," ब्रिगेडियर म्हणाले. "पण पलीकडचा लाइनवर असेल तेव्हा. नाहीतर नुसती बॅटरी जळते."

"जळू दे! माझी जळतेच आहे."

ब्रिगेडियर हसले. बाई हसल्या नाहीत. सदऱ्याची बाही त्यांनी इतकी दाबून काढली की कापडाला करपल्याचा वास आला. मग मात्र त्यांनी इस्त्री उचलली, कारण राग नवऱ्यावर नव्हता आणि सदऱ्यावर तर नव्हताच.

दार वाजलं. ताई आल्या होत्या.

त्या ऑपरेटरच्या पत्नी. नवरा गेला तेव्हा जेमतेम विशीच्या. वसाहतीतल्या सार्वजनिक नळावर बायका त्यांना पाहून कुजबुजायच्या, हिच्याच नवऱ्याने निरोप गिळला. ज्यांची माणसं पुलावर गेली होती त्या बायका होत्या त्या, त्यांना तरी काय बोलणार? ताईंनी वसाहत सोडली, दूरच्या एका गल्लीत शिवणाचं दुकान टाकलं, आणि तिथे नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर आजारात गेले असं सांगू लागल्या. ब्रिगेडियरांनी त्यांची साथ कधी सोडली नाही. त्या यांना दादा म्हणत, बाईंना वहिनी.

"दादा, हलू नका," आत येताच ताई म्हणाल्या. "हे बघा, खिशाचं बटण लोंबतंय. असे जाणार होतात मोठ्या लोकांत?"

ताईंच्या गळपट्टीत सुई कायम टोचलेली असायची. ब्रिगेडियर खांबासारखे उभे राहिले. ताईंनी चार टाके घातले, दोरा दातांनी तोडला आणि खिसा हाताने थोपटून सारखा केला. भाषणाचा कागद त्याच खिशात होता.

ब्रिगेडियर पुढे गेले. दोघी पायवाटेने मागून चालू लागल्या. वाटेत बाईंना राहवलं नाही.

"ताई, तुम्हाला माहीत आहे ना, पाहुणा कोण आहे?"

"माहीत आहे, वहिनी."

"राग नाही येत?"

"सुरुवातीला यायचा. पण रागाला काहीतरी पक्कं लागतं ना हातात. दादा म्हणतात, आवाज त्यांचा होता. पण दादा चांगले आहेत हो. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असतील. आमचे हे खोटं बोलणारे नव्हते. पण घाबरट होते थोडे. साधी पाल दिसली की स्टुलावर चढायचे. मग कधी कधी मलाच वाटतं, वहिनी, की घाबरले असतील. बसले असतील तिथेच, रिसीव्हर कानाला लावून."

इतकी वर्षं बाई ज्या रागाला आपला समजत होत्या, तो किती चैनीचा होता हे त्यांना त्या पायवाटेवर कळलं. आपल्या माणसावर आपला विश्वास तरी होता. ताईंकडून त्या जनरलने तोही काढून घेतला होता.

सभागृहात रंगाचा वास होता. पुढच्या रांगांत वरच्या कचेरीतले अधिकारी आणि त्यांच्या बायका, मागे शिकाऊ ऑपरेटरांच्या रांगाच रांगा. दिवसभर कानांवर हेडफोन चढवून या पोरांचे केस दोन्हीकडून चपटे झालेले असत, आणि ऐकताना डोकं उजवीकडे कलायची सवय सगळ्यांना लागलेली असे. ब्रिगेडियरांना ती आपसांत पोचसाहेब म्हणत, कारण त्यांचा पहिला धडा पोच देण्याचा. सगळ्यांसाठी निरोप सुटला की जाळ्यातल्या प्रत्येक ठाण्याने आपापल्या क्रमाने पोच द्यायची. एकाने द्यायची राहिली तर निरोप पोचला असं धरायचं नाही. पहिला महिनाभर हाच घोकंपट्टीचा प्रकार चाले.

बाई आणि ताई दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या. व्यासपीठावर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत जनरल. पांढरेशुभ्र केस, ताठ पाठ, चेहऱ्यावर सगळं जग ओळखीचं असल्यासारखं हसू. बाईंना आशा होती की हा माणूस आता खंगला असेल. कसलं काय, टाळ्या चांगल्या मानवल्या होत्या.

जनरल बोलायला उठले, त्यांनी माईकला हात लावला आणि माईकने कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडली.

"घ्या!" जनरल म्हणाले. "सिग्नलवाल्यांचा माईक! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझा काय, अनुभव जुनाच आहे. ऐन वेळी दगा."

पुढच्या रांगा खळखळून हसल्या. बाईंनी शेजारी पाहिलं नाही, पण ताईंचा हात त्यांच्या हाताशेजारी होता आणि तो मांडीवर घट्ट मिटल्याचं त्यांना कळलं. उठावं, पायातली चप्पल काढावी आणि भर सभेत त्या पांढऱ्या केसांवर हाणावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

मागच्या रांगांत मात्र कुणी हसलं नव्हतं. इतकी वर्षं सभा गाजवलेल्या माणसाला ती शांतता लगेच ऐकू आली.

"चेष्टा केली हं," जनरलनी आवाज मऊ केला. "पोरांनो, राग मानू नका. तुमच्या घरी आलोय आज. तुमच्या लोकांचं कौतुक इतरत्र करायचं राहून जातं, ते आज करतो."

खोटं बोलणाऱ्याची आठवण शाबूत असावी लागते. जनरलसाहेबांची टाळ्यांनी उरू दिली नव्हती. हुकूम न मिळालेला कर्नल ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली होती, आणि समोर कोण बसलंय त्याप्रमाणे ती बदलत न्यायची त्यांना सवय जडली होती.

"पुलावरचा तो दिवस," ते म्हणाले. "तोफा अशा सुटल्या होत्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि त्या आगीत तुमचा तो ऑपरेटर, पोरगाच होता हो, सेट पाठीवर घेऊन रांगत रांगत माझ्यापर्यंत आला. रिसीव्हर माझ्या हातात दिला. आणि काय सांगू तुम्हाला! आवाज इतका स्वच्छ, जसा काही बोलणारा माझ्या शेजारी येऊन बसलाय. पूल सोडा, मागे या! शब्द न् शब्द! याला म्हणतात सिग्नल! मी रिसीव्हर तोंडाशी धरला, म्हणालो, पोचलं! आणि जवानांकडे वळून सांगितलं, आता इथून एकानेही हलायचं नाही!"

त्यांनी हात उंच केला आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. पुढच्या रांगांनी ती भरून काढली. गोष्ट शाळेतल्या धड्याशी जुळत नाही हे तिथे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हुकूम मिळालेला असो की नसो, शौर्य ते शौर्य.

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी वळून मागे पाहिलं. मागच्या सगळ्या रांगांतली सगळी डोकी उजवीकडे कलली होती. कित्येकांचे हात नकळत कानाशी गेले होते, जिथे हेडफोन असतो तिथे.

व्यासपीठावर ब्रिगेडियर बसले होते. जनरलच्या शेजारी येऊन बसल्यासारखा ज्याचा आवाज होता, तो माणूस खरोखरच त्यांच्या शेजारी बसला होता, आणि जनरलना त्याचा पत्ताही नव्हता. चौकशीतल्या त्या हट्टी कॅप्टनला ते कुठल्या कुठे विसरून गेले होते.

सूत्रसंचालकाने ब्रिगेडियरांना निरोपाचे दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माईकपाशी आले. त्यांचा हात खिशाकडे गेला, नवं शिवलेलं बटण बोटांना लागलं आणि हात तिथेच थांबला. कागद काही त्यांनी काढला नाही.

बोला, बाई मनात म्हणाल्या. आता तरी बोला. सालटी काढा त्याची.

ब्रिगेडियर जनरलकडे वळले.

"सर, शेवटचा भाग पुन्हा सांगा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या पोराचा निरोप पडताळून बघताना असायचा तसाच तो होता. "आपण दिलेलं उत्तर. माझ्या विद्यार्थ्यांना नीट ऐकू आलं पाहिजे."

जनरल खुश झाले. त्यांनी खुर्चीतूनच पुढे झुकून माईक आपल्याकडे ओढला.

"पोचलं! पोचलं म्हणालो!"

"आपण स्वतः?"

"अरे, मग दुसरा कोण?" जनरल हसले. "माझं उत्तर काय ऑपरेटर देणार होता?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. माईक या वेळी किंचाळला नाही, चांगला ठणठणीत चालला होता. ब्रिगेडियरांनी तो सावकाश पुन्हा आपल्याकडे वळवला. ते त्या मागच्या रांगांकडे पाहत होते, आणि बाईंच्या लक्षात आलं की नवऱ्याचं डोकंही थोडं उजवीकडे कललं आहे. इतक्या वर्षांनी पलीकडचा लाइनवर आला होता.

"पोचलं, सर," ब्रिगेडियर म्हणाले.

त्यांनी सलाम केला आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. भाषण संपलं.

पुढच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. दोघातिघांनी टाळ्या वाजवायला घेतल्या आणि एकट्याच वाजतायत म्हणून थांबवल्या. एवढंच? एक अधिकारी शेजारणीला म्हणाला. म्हातारा गहिवरला वाटतं.

तेवढ्यात मागून, शिकाऊ पोरांच्या पहिल्या रांगेच्या टोकाकडून आवाज आला.

"पोचलं."

चढवलेला नव्हता, दाबलेला नव्हता. सेटवर देतात तसा सपाट. मग शेजारच्याचा.

"पोचलं."

मग त्याच्या पलीकडचा. ज्या क्रमाने बसले होते त्या क्रमाने, कुणीही घाई न करता, आधीच्याचं संपल्याशिवाय कुणीही तोंड न उघडता. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. निरोप सगळ्यांसाठी सुटला होता आणि पोच द्यायची राहून चालत नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

जनरलना आधी ती मानवंदना वाटली. त्यांनी हात वर करून स्वीकार केला. पण पोरांपैकी कुणीच त्यांच्याकडे पाहत नव्हतं. पहिली रांग संपून दुसरी सुरू झाली तेव्हा तो हात तसाच अर्ध्यावर राहिला, आणि त्यांनी मान वळवून पहिल्यांदाच शेजारच्या माणसाचा चेहरा नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. त्यांचं हसू अजून जागेवर होतं, पण ते कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखं दिसत होतं.

बाईंच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं. घरी गेल्यावर या माणसाला काय काय बोलायचं याची सकाळपासून केलेली सगळी तयारी वाया गेली होती. तेवढ्यात त्यांच्या कोपराला स्पर्श झाला.

ताईंना जनरलच्या टाळ्याखाऊ गोष्टीतलं फारसं कळलं नव्हतं. दगा हा शब्द ऐकल्यावर त्यांनी कान मिटून घेतले होते, अशा सभांत त्या तसंच करायच्या. आता त्या मागे वळून गोंधळून पाहत होत्या.

"वहिनी, काय झालं? ही पोरं काय म्हणतायत?"

बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यभर भाषा शिकवलेल्या त्या बाईला पहिल्याच शब्दाशी अडखळायला झालं. त्यांनी ताईंचा मिटलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"जनरल म्हणाले, निरोप पोचला होता, ताई," त्या म्हणाल्या. "आगीतून रांगत जाऊन त्यांच्या हातात दिला होता. तुमच्या ह्यांनी."

ताईंचा दुसरा हात गळपट्टीकडे गेला आणि तिथे टोचलेल्या सुईवर थांबला.

मागे अजून तीन रांगा बाकी होत्या.